कर्नल साईक्स आणि दख्खनची प्राणिसृष्टी

रंकाळ्याच्या काठावर मातकट रंगाचा एक पक्षी मान आखडून तासन्‌तास उभा असतो. आपण त्याला ढोकरी म्हणतो. चाहूल लागताच तो उडतो आणि त्याचे पांढरेशुभ्र पंख एकदम उघडे पडतात. या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १८३२ साली प्रसिद्ध झाले. ते करणारे विल्यम हेन्री साईक्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील अधिकारी होते.

साईक्स यांचा जन्म १७९० चा. अगदी कोवळ्या वयात, १८०३ साली, ते कंपनीच्या लष्करी सेवेत शिरले आणि १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढले. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम सोपविले. लोकसंख्या, पिके, हवामान असे जे जे मोजता येईल ते मोजायचे. राज्यकर्त्यांना हा हिशेब कशासाठी हवा होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. साईक्स यांची नजर मात्र माळरानावरील चंडोलावर आणि नदीतील माशांवरही तितकीच खिळली.

प्राण्यांची मांडणी त्यांनी त्या काळच्या युरोपीय पद्धतीने केली. पाठीचा कणा आहे की नाही, हा पहिला प्रश्न. कणा असलेल्यांत अंगावर केस असून पिलांना दूध पाजणारे ते सस्तन. पिसे आणि चोच असणारे ते पक्षी. कोरड्या खवल्यांच्या कातडीचे ते सरपटणारे. ओलसर कातडीचे, बालपण बहुधा पाण्यात काढणारे ते उभयचर. कल्ल्यांनी श्वास घेणारे ते मासे. वरवरचे रूप येथे फसविते. वटवाघूळ उडते, तरी ते सस्तन आहे; साईक्स यांच्या यादीतही ते तेथेच आहे. खवल्या मांजराच्या अंगावर खवले असूनही ते पिलांना दूध पाजते.

सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये आली. दख्खनच्या लांडग्याला साईक्स यांनी फिकट पायांचा या अर्थाचे लॅटिन नाव दिले. भारतीय लांडग्याची उपजात आजही त्याच नावाने ओळखली जाते. राधानगरी-दाजीपूरच्या रानातील कोळसुंद्याला त्यांनी दख्खनचे नाव दिले होते, पण पाल्लास या शास्त्रज्ञाने तो प्राणी १८११ मध्येच वर्णिलेला असल्याने ते टिकले नाही. कोळसुंदा कुत्र्याच्याच कुळातला, पण कुत्र्याला ४२ दात, तर याला ४०. वर्गीकरण असे जबड्यात डोकावून करावे लागते.

पक्ष्यांच्या यादीत दोनशेहून अधिक जाती आल्या. त्यांतील एका चंडोलाला त्यांनी देव, तर एका लहानशा वटवट्याला राम असे नाव दिले. माशांवरील लेखन १८३९ च्या सुमाराचे. तेथे मराठी बोली थेट लॅटिनात शिरली : खुद्री, कोळस, शिंगटी, मळ्या. ही नावे पुस्तकात सापडणारी नव्हती. ती नदीकाठच्या माणसांच्या तोंडची होती. ज्यांनी ती सांगितली त्यांची स्वतःची नावे मात्र शास्त्राच्या दप्तरात आली नाहीत. ज्यांच्या हाती ज्ञान होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ती का नव्हती हे या स्मरणिकेच्या वाचकांना ठाऊक आहे.

कणा नसलेल्या जीवांकडेही साईक्स यांनी पाहिले. पुण्यात त्यांना मुंग्या बिळातील भिजलेले गवताचे दाणे बाहेर आणून उन्हात वाळवताना दिसल्या. मुंगी धान्य साठविते, ही युरोपातील अनेक विद्वानांना कविकल्पना वाटे. साईक्स यांनी १८३५ मध्ये त्या जातीचे वर्णन छापले. सहा पाय, तीन भागांचे शरीर, बाहेरून कठीण कवच, ही कीटकांची लक्षणे असलेल्या एवढ्याशा जीवाने जाणत्यांचे मत खोटे ठरविले.

त्यांचा आणखी एक विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे. वेरूळच्या लेण्यांवर त्यांनी आधीच लिहिले होते. १८४१ मध्ये चिनी प्रवाशांच्या वृत्तांतांचा आधार घेऊन प्राचीन भारतात बौद्ध धर्माचा प्रभाव किती व्यापक होता, याची त्यांनी विस्तृत मांडणी केली. तेव्हा भारतात बौद्ध धर्म जवळजवळ विस्मृतीत गेला होता. त्यांची सारीच अनुमाने पुढे टिकली नाहीत. पण लिखित पुराव्याकडे जाण्याची त्यांची सवय, दात मोजण्याच्या सवयीसारखीच, पक्की होती.

पुढे ते कंपनीचे संचालक, १८५६ मध्ये तिचे अध्यक्ष आणि १८५७ पासून ॲबर्डीनचे खासदार झाले. १८७२ मध्ये त्यांचे निधन झाले. खुद्री मासा कृष्णेच्या खोऱ्यातून आता कमी होत चालला आहे. धरणे, प्रदूषण आणि बेसुमार मासेमारी ही त्याची कारणे आहेत.