लाँगस्ट्रीट : दक्षिणेचा 'फितूर'

अमेरिकेच्या यादवी युद्धातले सेनापती म्हटलं की आपल्याला ग्रँट आणि ली आठवतात. मला मात्र या दोघांच्या मधे सापडलेला जेम्स लाँगस्ट्रीट जास्त विचार करायला लावतो. तो लीचा उजवा हात, आणि ग्रँटचा वेस्ट पॉइंटपासूनचा दोस्त. १८४८ मध्ये ग्रँटच्या लग्नाला तो हजर होता; नवरी त्याच्याच दूरच्या नात्यातली.

१८६१ मध्ये दक्षिणेची राज्यं फुटून निघाली, ती गुलामगिरी टिकवण्यासाठीच. हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. लाँगस्ट्रीट राजीनामा देऊन त्यांच्या बाजूने लढला. पुढच्याच जानेवारीत तापाच्या साथीत त्याची तीन मुलं गेली. १८६३ मध्ये गेटिसबर्गला समोरून हल्ला नको, असं त्याने लीला परोपरीने सांगितलं. लीने ऐकलं नाही, आणि हजारो माणसं पडली. १८६४ मध्ये आपल्याच सैनिकांची गोळी चुकून लागली आणि त्याचा उजवा हात अधू झाला.

त्याची खरी परीक्षा युद्ध संपल्यावर झाली. १८६७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या वर्तमानपत्रांतून त्याने लिहिलं, की आपण हरलो आहोत. आता कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासकट नवे कायदे मान्य करू या. तो काही संत नव्हता, बरं का. त्या मतांवर गोऱ्यांचा वचक राहावा, हाही हिशेब त्यात होता. पण तो ग्रँटच्या रिपब्लिकन पक्षात गेला, बंदरावरच्या कस्टम्समध्ये नेमणूक घेतली, आणि कालचे सोबती त्याला फितूर म्हणू लागले.

१४ सप्टेंबर १८७४ रोजी 'व्हाइट लीग'चे हजारो हत्यारबंद लोक राज्य सरकार उलथवायला न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर उतरले. त्यात दक्षिणेच्या फौजेतले जुने शिपाईही होते. त्यांना अडवणाऱ्या पोलीस आणि मिलिशियात कृष्णवर्णीय बरेच, आणि त्यांचा सेनापती लाँगस्ट्रीट! तो हरला, जखमी झाला, पकडला गेला. शेवटी केंद्राची फौज आली, तेव्हा सरकार परत बसलं.

ली १८७० मध्ये वारला होता. त्याच्या भक्तांनी गेटिसबर्गचं सगळं खापर या 'फितुरा'वर फोडलं. मला वाटतं, तो राजकारणात गप्प राहिला असता तर हे झालं नसतं. तो उत्तरं देत राहिला, कधीकधी जरा जास्तच तावातावाने. १८९६ मध्ये जाडजूड आत्मवृत्त लिहिलं, १९०४ मध्ये गेला.

व्हाइट लीगच्या त्या लढाईचा स्तंभ न्यू ऑर्लिन्समध्ये १८९१ मध्येच उभा राहिला. तो हटला २०१७ मध्ये. लाँगस्ट्रीटचा पुतळा गेटिसबर्गला आला १९९८ मध्ये. त्याला उंच चबुतरा नाही. झाडांमध्ये, जमिनीलगतच, त्याचा घोडा उभा आहे.