श्रुती, स्वर आणि भातखंडे

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी वकिली सोडून आयुष्य संगीतशास्त्राला वाहिले. त्या काळी रागविद्या घराण्यांच्या कड्याकुलपांत होती. भातखंडे यांनी देशभर हिंडून बंदिशी मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि बारा स्वरांच्या आधारे रागांची दहा थाटांत मांडणी केली.

तथापि प्राचीनांनी सप्तकात बावीस श्रुती मानल्या असून त्यांना तीव्रा, कुमुद्वती, मंदा अशी नावेही दिली आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी त्या श्रुतींचे गणित मांडले. क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुति-हार्मोनियमही सिद्ध झाली. १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत तिच्यावर वाद झडला. रागांच्या वर्गीकरणास बारा स्वर पुरेसे आहेत, ही भातखंडे यांची भूमिका राहिली.

दरबारी कानड्याचा आंदोलित गांधार लिपीत मावत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु प्रत्येक सूक्ष्म स्वरभेदाला सर्वमान्य नाव मिळेपर्यंत ते थांबले असते, तर यावलसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यापर्यंत रागशास्त्र पोचणे कठीण होते. मूठभरांच्या कंठातील पूर्ण विद्येपेक्षा सर्वांना सुलभ असे अपुरे शास्त्र त्यांनी पत्करले. उरलेली उणीव गुरूनेच भरून काढावयाची असते, याचा विसर आजच्या परीक्षाप्रधान संगीतशिक्षणाला पडता कामा नये.