पिसारो आणि त्याची मंडळी

चित्रकार म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना व्हॅन गॉग आठवतो. एकटा, कफल्लक, स्वतःचा कान कापून घेतलेला. मला मात्र कामिय पिसारो जास्त जवळचा वाटतो. कारण हा माणूस आयुष्यभर मंडळी जमवत राहिला.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर १८३० साली त्याचा जन्म झाला. घरचं दुकान होतं, आणि मुलानं धंद्यात लक्ष घालावं अशी वडिलांची इच्छा. (ओळखीचं वाटतंय ना?) पण १८५२ साली फ्रिट्झ मेल्बी या डॅनिश चित्रकाराबरोबर पठ्ठ्या थेट व्हेनेझुएलाला गेला आणि दोन वर्षं तिथे चित्रं काढत राहिला. १८५५ मध्ये त्यानं पॅरिस गाठलं. तिथे मोने आणि सेझान भेटले.

१८७० साली युद्ध पेटलं. पिसारो बायकामुलांसह लंडनला निघून गेला. मागे राहिलेल्या घरात प्रशियाचे सैनिक घुसले. चिखलात पाय भरू नयेत म्हणून त्यांनी त्याची चित्रं चक्क पायाखाली अंथरली! वीसेक वर्षांचं काम, साधारण दीड हजार चित्रं. त्यातली चाळीसच्या आसपास वाचली. आपली एका सेमिस्टरची जर्नलं हरवली तरी आपण दोन दिवस जेवत नाही. लंडनमध्ये मोनेही होता. दोघं मिळून तिथली संग्रहालयं पालथी घालत आणि टर्नर, कॉन्स्टेबल यांची चित्रं बघत.

परतल्यावर पिसारो पाँत्वाझ गावी राहायला गेला. सेझानही तिकडे आला. तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हतं. दोघं शेजारी शेजारी उभे राहून एकच देखावा रंगवायचे. सेझाननं पिसारोचं एक चित्र मागून नेलं आणि त्याची नक्कल केली. आपण असाइनमेंट छापतो तशी नव्हे हं! रंग कसा बसवलाय ते स्वतःच्या हाताला कळावं म्हणून. त्याचे काळपट रंग तिथेच उजळले. पिसारोही त्याच्याकडून शिकत होता.

पॅरिसचं सरकारमान्य प्रदर्शन म्हणजे सलाँ. तिथले परीक्षक या लोकांची चित्रं वारंवार परत पाठवायचे. मग १८७३ च्या डिसेंबरात यांनी स्वतःचीच सहकारी कंपनी काढली. तिची नियमावली पिसारोनं कशावरून घेतली माहीत आहे? पाँत्वाझच्या पाववाल्यांच्या संघटनेवरून! १८७४ मध्ये फोटोग्राफर नादारच्या जुन्या स्टुडिओत तीस जणांचं प्रदर्शन भरलं. टीकाकारांनी यथेच्छ टिंगल केली, तोटा झाला, वर्षअखेर कंपनी गुंडाळावी लागली. तरी १८८६ पर्यंत एकूण आठ प्रदर्शनं झाली. भांडणं झाली, मोने गेला, रन्वार गेला. आठही प्रदर्शनांत चित्रं लावणारा एकच माणूस, पिसारो.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. पंचावन्नाव्या वर्षी तो जॉर्ज सूरा या पंचविशीतल्या पोराची ठिपक्यांची पद्धत शिकला. खरं तर सिनियरनं ज्युनियरला शिकवायचं असतं! ठिपक्यांच्या एका चित्राला फार वेळ लागे, आणि गिऱ्हाईक नाक मुरडे. घरात मोठं कुटुंब, खिसा रिकामा. काही वर्षांनी त्यानं ती पद्धत सोडली, पण स्वतः करून बघून सोडली.

म्हातारपणी डोळ्यांच्या दुखण्यामुळे बाहेर बसून रंगवणं जमेना. मग हॉटेलची खोली घेऊन खिडकीतून रस्ते रंगवायला सुरुवात केली. १८९७ मध्ये पॅरिसचा मोंमार्त्र हमरस्ता त्यानं अशीच खिडकीतून सकाळी, पावसात, अगदी रात्रीसुद्धा रंगवला. नोव्हेंबर १९०३ मध्ये तो गेला.

कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की आपल्या हॉस्टेलवर नोट्स कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. मला वाटतं, तेव्हा पिसारोचा हिशोब करून बघावा. शेजारच्याला शिकवून त्याचं काय गेलं? सेझान त्याच्यापेक्षा मोठा झाला, एवढंच. आणि त्या सेझाननं १९०६ साली, पिसारो जाऊन तीन वर्षं झाल्यावर, प्रदर्शनाच्या यादीत आपल्या नावापुढे पिसारोचा शिष्य असं छापून घेतलं. तेव्हा सेझान स्वतः सदुसष्ट वर्षांचा होता.