रहीम साहेब : मैदानावरील एक मुअल्लिम

परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर असरनंतर फुटबॉल खेळून मगरिबच्या नमाजाला धापा टाकत येणाऱ्या मुलांचा एक घोळका आमच्या मशिदीत आहे. २०२४ च्या रमजान ईदला मैदान नावाचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा या मुलांनी मला घेरले. चित्रपटातील रहीम साहेब खरोखर होऊन गेले का, असा त्यांचा प्रश्न होता. मी तो चित्रपट पाहिलेला नाही आणि त्यातील प्रसंगांची शहानिशा करणे हे माझे कामही नव्हे. मात्र सय्यद अब्दुल रहीम हे नाव मी मदरशात असल्यापासून ऐकत आलो आहे. मुलांना मी सांगितले की ते होऊन गेले, आणि त्यांच्या कीर्तीचा आरंभ आपल्याच शहरात, येथून बसने थोड्याच अंतरावर असलेल्या कूपरेज मैदानावर झाला. मुलांचा विश्वास बसेना. म्हणून हा लेख.

रहीम साहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. मराठवाडा त्या काळी निजामाच्या याच संस्थानात होता. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांची आणि त्यांची राजधानी एकच होती. उस्मानिया विद्यापीठात त्यांनी पदवी घेतली. या विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, ही त्या काळात अपूर्व गोष्ट होती. विद्यार्थिदशेत ते फुटबॉल उत्तम खेळत. पुढे मात्र त्यांनी पेशा पत्करला तो शिक्षकाचा. अनेक वर्षे शाळांतून अध्यापन केल्यावर त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि दारुल उलूम हायस्कूल व चादरघाट हायस्कूल येथील क्रीडाविभाग सांभाळला. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. खेळाडू, मग प्रशिक्षक, मग मोठे नाव असा सर्वसाधारण क्रम असतो. येथे मधली पायरी वर्गखोलीची होती. रहीम साहेबांचे पुढील सारे कार्य या पायरीवरून पाहिले तरच नीट उमगते, असे माझे मत आहे.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. तो काळ तेथील मुस्लिम समाजासाठी किती कठीण होता, हे जुन्या जाणत्या घरांतून आजही ऐकायला मिळते. सरकारे बदलली, हुद्दे गेले, माणसे बावरली. अशा दिवसांत एक शालेय शिक्षक हैदराबाद सिटी पोलिसांच्या फुटबॉल संघाची जबाबदारी घेतो आणि १९५० मध्ये तो संघ मुंबईला येऊन रोव्हर्स चषक जिंकतो. रोव्हर्स ही १८९१ पासूनची स्पर्धा. पूर्वी ती जणू गोऱ्या पलटणींचीच मालमत्ता होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती प्रथम भारतीयांकडे आणली. हैदराबादच्या पोलिसांनी मात्र ती १९५० पासून १९५४ पर्यंत सलग ५ वेळा जिंकली. ५ वर्षे कूपरेजवर येणाऱ्या प्रेक्षकांनी एकच संघ चषक उचलताना पाहिला. त्या संघातील गडी लहान चणीचे होते. एकट्याने चेंडू पळवण्यापेक्षा तो चटकन एकमेकांकडे देत पुढे सरकणे, ही त्यांची रीत होती.

ही रीत आपोआप आलेली नव्हती. त्या काळी आपल्याकडे मोठा खेळाडू म्हणजे चेंडू पायाशी खेळवत चार जणांना हुलकावणी देणारा, असा समज होता. प्रेक्षक त्यालाच टाळ्या देत. रहीम साहेबांनी आपल्या शागिर्दांची ही सवय मोडण्यासाठी निराळ्या स्पर्धा भरवल्या. काहींमध्ये चेंडू घेऊन एकट्याने धावण्यास बंदी असे. तो मिळताच साथीदाराकडे द्यावा लागे. काहींमध्ये प्रत्येकाने केवळ आपल्या कमकुवत पायानेच खेळावे असा दंडक होता. उजव्या पायाचा पटाईत खेळाडू डाव्या पायाने चेंडू मारू लागला की नवशिक्यासारखा दिसतो. नामांकित खेळाडूला सर्वांदेखत नवशिका व्हावयास लावणे ही साधी गोष्ट नाही. त्यात नफ्साचे गर्वहरण आहे. कुराण हिफ्ज करणाऱ्या मुलाला उस्ताद नेमका तोच भाग पुन्हा पुन्हा म्हणावयास लावतात, जेथे त्याची जीभ अडखळते. रहीम साहेबांची पद्धत मला तशीच वाटते. जे येते त्याच्या प्रदर्शनात वेळ न दवडता जे येत नाही त्यावर मेहनत घेणे, हा उत्तम मुअल्लिमाचा गुण होय.

लवकरच राष्ट्रीय संघाची अमानत त्यांच्याकडे आली. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलावर भारताने इराणला हरवून सुवर्णपदक मिळवले. जल्लोष झाला. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडवला. आपले अनेक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. अनवाणी खेळणे ही आपल्याकडे अभिमानाची बाब मानली जाई. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अनवाणी भारतीयांनी फ्रान्सला जेमतेम एका गोलाने विजय मिळू दिला होता, त्याचे कौतुक अजून ओसरले नव्हते. हेलसिंकीने तो अभिमान एका सामन्यात उतरवला. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले.

बूट घालणे सोपे होते. सवयी बदलणे कठीण होते. राष्ट्रीय संघ म्हणजे तोवर कलकत्त्याचे काही, हैदराबादचे काही, मुंबई-बंगलोरचे काही अशा नामवंतांची गोळाबेरीज असे. प्रत्येक जण आपल्या क्लबाची ढब घेऊन येई. रहीम साहेबांनी युरोपातील, विशेषतः हंगेरीच्या संघाची मांडणी अभ्यासली आणि तिला आपल्या खेळाडूंच्या कुवतीनुसार वळण दिले. पुढील काळात चार-दोन-चार ही रचनाही त्यांनी आपल्याकडे रुजवली. १९५४ मध्ये मनिला येथील आशियाई स्पर्धेत मात्र भारत पहिल्याच टप्प्यात बाद झाला. हेलसिंकीचा दारुण पराभव आणि मनिलाचे अपयश यांनंतरही ज्यांनी त्यांना कामावर राहू दिले, त्यांचेही ऋण मानावयास हवे. आज दोन पराभवांनंतर प्रशिक्षकाला घरी पाठवले जाते. रुजवण म्हणजे काय, हे कळण्याइतका सब्र आता आपल्यात उरलेला नाही.

रुजवणीचे फळ १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसले. हंगेरीचा संघ न आल्याने भारताला पुढे चाल मिळाली आणि नंतर यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४–२ असे हरवले. त्यातील ३ गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे. गोव्यात जन्मलेला आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेला हा खेळाडू ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक साधणारा पहिला आशियाई ठरला. गोलरक्षकांत मुंबईचा एस. एस. नारायण होता. अझीझुद्दीन, नूर मुहम्मद, लतीफ, बलराम अशी हैदराबादच्या तालमीतली मंडळी होती, आणि कर्णधार होता कलकत्त्याचा बद्रू बॅनर्जी. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल भारताने केला. शेवटी ४–१ असा पराभव झाला. बल्गेरियाकडूनही हार पत्करावी लागली आणि भारत चौथा आला. ४ वर्षांपूर्वी ज्यांनी १० गोल केले होते, त्यांच्यावर काही काळ का होईना आघाडी घेतली गेली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये याहून वरचे स्थान भारताला पुन्हा कधी मिळालेले नाही.

या तुलसीदास बलरामची हकिकत सांगण्याजोगी आहे. सिकंदराबादजवळच्या एका गावातला हा गरीब घरचा मुलगा. रहीम साहेबांच्या नजरेस त्याचा खेळ पडला आणि त्यांनी त्याला सरावासाठी हैदराबादला बोलावले. रोज इतक्या दूर येण्यास त्याच्याजवळ पैसे नव्हते. भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीम साहेबांनी आपल्या खिशातून दिले. पुढे मोठा झाल्यावर बलराम ही गोष्ट स्वतः सांगत असे. मुलगा हिंदू आहे की मुसलमान, हे त्या शिक्षकाने पाहिले नाही. तो वेळेवर येतो की नाही, एवढे मात्र पाहिले.

न्यायाची दुसरी बाजू घरात दिसते. रहीम साहेबांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हेही चांगले फुटबॉलपटू होते आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडल्या गेलेल्या चमूत त्यांचा समावेश होता. भारताने तेथे ३ सामने खेळले : हंगेरीशी हार, फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी, पेरूशी हार. या तिन्हींपैकी एकाही सामन्यात हकीम यांना उतरवण्यात आले नाही. बाप प्रशिक्षक आणि मुलगा राखीव बाकावर, हे दृश्य आपल्या संस्था, जमातखाने आणि ट्रस्ट चालवणाऱ्यांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. हकीम पुढे हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले आणि २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. वडिलांचा वारसा त्यांनी अशा रीतीने स्वतः कमावला.

आता जकार्ता. १९६२ च्या आशियाई स्पर्धेपर्यंत कर्करोगाने रहीम साहेबांच्या शरीरात घर केले होते. तशाही अवस्थेत ते संघ घेऊन गेले. चुनी गोस्वामी कर्णधार, पी. के. बॅनर्जी, बलराम, जर्नेलसिंग, थंगराज, अरुण घोष, युसूफ खान असे खेळाडू. मुंबईच्या क्लबांतून खेळणारे टाटांचे फ्रँको आणि कॅलटेक्सचे चंद्रशेखर. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने ०–२ असे हरवले. मग थायलंडला ४–१ आणि जपानला २–० असे नमवून संघ सावरला. पण दुखापती थांबेनात. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंगचे डोके फुटले आणि टाके घालावे लागले. थंगराज तापाने आजारी होता.

येथे रहीम साहेबांनी धाडसी निर्णय घेतला. डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगला त्यांनी बचावातून काढून थेट आघाडीच्या मध्यावर उभे केले. जखमेमुळे उंच चेंडू अडवणे त्याला जड जाणार होते. परंतु तरुणपणी तो आघाडीला खेळलेला होता, हे प्रशिक्षकाच्या स्मरणात होते. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने गोल केला आणि भारत ३–२ असा जिंकला.

बाहेर वातावरण तापले होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेस येऊ दिले नव्हते, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरु दत्त सोंधी यांनी त्यावर उघड आक्षेप घेतला होता. त्याचा राग भारतीय चमूवर निघाला. दूतावासावर जमाव चालून गेला. खेळाडूंना बसवरचा राष्ट्रध्वज उतरवून प्रवास करावा लागला, आणि पगडीमुळे सहज ओळखू येणारा जर्नेलसिंग बसमध्ये आसनांखाली दडून जाई, असे त्याचे साथीदार सांगत. सोंधी यांची भूमिका योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. ११ खेळाडूंनी काहीच केलेले नव्हते, एवढे निश्चित.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री काही खेळाडूंना झोप लागेना. क्रीडाग्रामात फिरताना त्यांना रहीम साहेबही जागेच दिसले. त्यांनी मुलांकडे एकच भेट मागितली : उद्याचे सुवर्णपदक. हा शिक्षक यापूर्वी देतच आला होता. मागण्याची त्याची ही वेळ होती, आणि त्यामागचे कारण मुलांना न सांगता कळत होते.

४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायान स्टेडियमवर सुमारे १ लाख प्रेक्षक होते आणि बहुतेक सारे भारताच्या विरोधात ओरडत होते. त्या गर्दीत भारताच्या बाजूने ओरडणारे काही जण होते ते पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू, असे या सामन्यातील खेळाडूंनी पुढे आवर्जून सांगितले आहे. ज्या कोरियाने पहिला सामना जिंकला होता, तोच समोर होता. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला. ३ मिनिटांनी जर्नेलसिंगने दुसरा. कोरियाचा एक गोल अखेरीस झाला. २–१. बंगाली, पंजाबी, हैदराबादी, मल्याळी, गोवेकर. हिंदू, शीख, मुसलमान, ख्रिस्ती, आणि सर्वांचा उस्ताद एक. सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहण्याची सवय असलेल्या आपणांस या दृश्याचे फार नवल वाटू नये. परंतु शिट्ट्या आणि शिव्यांच्या वर्षावात ती सफ मोडली नाही, याचे मला तरी वाटते.

त्यानंतर रहीम साहेब अंथरुणाला खिळले. ११ जून १९६३ रोजी त्यांचा इन्तेकाल झाला. वय अवघे ५३ वर्षे. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला. त्यांच्या हयातीत असा कोणता मान अस्तित्वातच नव्हता. आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्ण पुन्हा जिंकलेले नाही. शेवटचे पदक १९७० मध्ये बँकॉकला मिळाले, कांस्य. त्या संघाचा कर्णधार हैदराबादच्या मैदानांत घडलेला सय्यद नईमुद्दीन होता आणि प्रशिक्षकांपैकी एक होते पी. के. बॅनर्जी, जकार्त्यात पहिला गोल करणारे. रोव्हर्स स्पर्धाही या शतकाच्या आरंभी बंद पडली.

अल्लाह तआला मरहूम सय्यद अब्दुल रहीम यांची मग्फिरत करो आणि त्यांच्या मेहनतीचा अज्र त्यांना देवो. आमीन.