थोर नट बालगंधर्व

आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही पाच मुले आहोत. मुलगी एकही नाही. साऱ्या शाळेत एकच मुलगी आहे, पण ती पहिलीत आहे आणि तिला अजून नीट वाचता येत नाही. यंदा स्नेहसंमेलनात गुरुजी शिवरायांच्या बालपणाचे नाटक बसवणार आहेत. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा जिजाऊंच्या कामाची चिठ्ठी नेमकी मलाच निघाली. मुले मला बाई बाई म्हणून चिडवू लागली. मग मी पोट दुखतंय असे घरी खोटेच सांगून दोन दिवस शाळा बुडवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजीच घरी आले. मला वाटले आता मार बसणार. पण त्यांनी ओट्यावर बसून मला बालगंधर्वांची गोष्ट सांगितली आणि एक पुस्तक वाचायला दिले. तीच माहिती मी या भित्तिपत्रकात लिहीत आहे. थोडी आजीने सांगितलेली पण आहे.

बालगंधर्वांचे खरे नाव नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. आपल्या सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठचे नागठाणे हे त्यांचे गाव. लहानपणापासून नारायणाचा गळा फार गोड होता. तो दहा वर्षांचा असताना, म्हणजे माझ्याएवढाच असताना, पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले. गंधर्व म्हणजे स्वर्गातले गवई. तेच नाव पुढे जन्मभर राहिले. म्हातारे झाले तरी लोक त्यांना बालगंधर्वच म्हणत, याची मला गंमत वाटते.

त्या काळी घरंदाज बायकांनी नाटकात काम करणे लोकांना चालत नसे. म्हणून बायकांची कामे पुरुषच करत. किर्लोस्कर नाटक मंडळीत भाऊराव कोल्हटकर हे स्त्रीभूमिका करणारे मोठे नट होते. ते १९०१ साली वारले आणि मंडळीला तसा गाणारा नट मिळेना. नारायणाला गाणे येत होते, पण त्याच्या कानात दोष होता, नीट ऐकू येत नसे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मिरजेच्या मिशन दवाखान्यात त्याच्या कानावर उपचार करवले. कान बरा झाला आणि १९०५ साली नारायण किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. पहिले काम शकुंतलेचे केले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याला कोणी चिडवले का, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले की लोक चिडवायला नाही, बघायला येत होते.

पुढे भास्करबुवा बखले हे मोठे गवई त्यांना गुरू लाभले. बालगंधर्व साडी नेसून आले की हा पुरुष आहे हे लोक विसरून जायचे. उलट शहरातल्या बायकाच त्यांचे बघून साडी नेसू लागल्या, नथ घालू लागल्या, केसांत गजरा माळू लागल्या. बायका पुरुषाचे बघून नेसायला शिकल्या, हे आजीला सांगितले तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. पण तिला ते आधीच माहीत होते.

आता मी सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत मानापमान या नाटकाचा पहिला प्रयोग होता. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. त्यात बालगंधर्वांना भामिनीचे काम होते. भामिनी श्रीमंत घरची, ऐटबाज आणि हसरी. आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. मंडळीचे लोक म्हणाले, प्रयोग बंद ठेवू. पण बालगंधर्व नको म्हणाले. एवढे लोक तिकीट काढून आलेत, त्यांचा विरस करायचा नाही. त्यांनी रंग लावला, दागिने घातले आणि रात्री सगळी गाणी म्हटली. लोकांनी वन्समोअर दिले की तेच गाणे परत परत म्हटले. त्या रात्री ते नाटक फार गाजले.

हे ऐकून मी गप्प बसलो. मला लहान बहीण आहे. मागच्या पावसाळ्यात तिला खूप ताप आला तेव्हा बाबा तीन दिवस कामावर गेले नव्हते. आजीचे म्हणणे असे की बापाने त्या दिवशी नाचूगाऊ नये, घरी बसावे. गुरुजींचे म्हणणे असे की एका नाटकावर कितीतरी लोकांची पोटे असतात, त्यांचा पण विचार करावा लागतो. दोघे बराच वेळ बोलत बसले, चहा गार झाला. मला दोघांचेही पटते. पण भामिनी हसते तिथे ते कसे हसले असतील, हे मला काही केल्या कळत नाही.

१९१३ साली त्यांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. स्वयंवर नाटकात ते रुक्मिणी झाले. एकच प्याला हे राम गणेश गडकऱ्यांचे नाटक १९१९ साली आले, त्यात ते दारुड्याची सोशीक बायको सिंधू झाले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोघांनी मिळून मानापमानचा प्रयोग केला. दोघांच्या मंडळ्या वेगळ्या, पण त्या रात्री एकत्र आल्या. त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिले.

बालगंधर्वांना खोटे काही चालत नसे. नाटकात राजवाडा असला की खरे गालिचे पाहिजेत, खऱ्या जरीच्या साड्या पाहिजेत, उंची अत्तर पाहिजे. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असे मोठे मोठे कलावंत. एवढा खर्च कसा परवडणार? हिशेब त्यांनी कधी नीट बघितलाच नाही. मंडळीवर लाखाच्या वर कर्ज झाले. त्या काळचा लाख म्हणजे केवढा! दुसऱ्यांनी पैसे देऊ केले तर ते घेतले नाहीत, वर्षानुवर्षे नाटके करून ते कर्ज फेडले. हे मला आवडले. पण हिशेब ठेवायला पाहिजे होता असे माझे मत आहे. आमचे बाबा दुधाचा हिशेब रोज वहीत लिहितात.

मग बोलपट आले आणि लोक नाटकाऐवजी तिकडे जाऊ लागले. बालगंधर्व पण प्रभात कंपनीत गेले. १९३५ साली व्ही. शांताराम यांच्या धर्मात्मा या बोलपटात ते संत एकनाथ झाले. म्हणजे आता दाढीमिशीचे काम! पण त्यांचे मन तिथे रमले नाही. समोर माणसे नाहीत, वन्समोअर नाही, नुसता कॅमेरा. ते परत नाटकाकडे आले. नंतर त्यांच्या मंडळीत गोहरबाई कर्नाटकी बायकांची कामे करू लागल्या.

म्हातारपणी त्यांचे फार हाल झाले. पाय अधू झाले, चालता येईना. ज्यांची चाल बघायला लोक कोसावरून यायचे त्यांना उचलून ठेवावे लागे. पैसाही उरला नव्हता. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. पुण्यात मुठेच्या काठी त्यांच्या नावाचे नाट्यगृह बांधायचे ठरले. १९६२ साली त्याचे भूमिपूजन त्यांच्याच हस्ते झाले. पण १५ जुलै १९६७ रोजी ते वारले आणि २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, बालगंधर्व रंगमंदिर उघडले. एक वर्ष थांबले असते तर त्यांना ते बघायला मिळाले असते.

२०११ साली त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला, त्यात सुबोध भावे यांनी त्यांचे काम केले आहे. गुरुजींनी तो आम्हाला शाळेच्या टीव्हीवर दाखवला. मला चिडवणारी मुले पण गप्प बसून बघत होती. त्यांच्या जुन्या तबकड्यांवरची गाणी आजीने मोबाईलवर ऐकली. खरखर फार आहे, पण आवाज कळतो.

जिजाऊंचे काम मी घेतले आहे. आजीने तिचे हिरवे लुगडे ट्रंकेतून काढून दिले. ते नऊ वार आहे आणि मी एवढासा. काल तालमीत निऱ्यांत पाय अडकून दोनदा पडलो. आजी म्हणते आधी चालायला शीक, बोलायचे नंतर बघू. म्हणून रोज संध्याकाळी मी अंगणातून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून अंगणापर्यंत चालतो.