जोतीरावांच्या शाळेतली अमेरिका

परवा नवी पेठेतून नातवासाठी वह्या घेऊन घरी आलो, तर स्वारी अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध घोकत बसलेली. तेरा वसाहती, बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, ४ जुलै १७७६. मध्येच वैतागून त्याने विचारले, आजोबा, या अमेरिकेचे आपल्याला काय? मला आठवले जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीचा व्यवसाय करत. पोराला शाळेतून काढून त्यांनी मळ्याच्या कामाला लावले. पुढे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी त्यांचे मन वळवले, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तोवर सावित्रीबाईंशी लग्नही झाले होते!

शाळेत सदाशिव बल्लाळ गोवंडे हा जिवाचा मित्र भेटला. शिवाजी महाराज आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रे जोतीरावांनी याच काळात वाचली. १८४७ च्या सुमारास हाती आला थॉमस पेन. हा इंग्लंडचा माणूस १७७४ मध्ये अमेरिकेत गेला आणि दीडएक वर्षात वसाहतींनी राजापासून फुटून निघावे, असे ठणकावून लिहू लागला. त्याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा पहिला भाग वॉशिंग्टनला अर्पण केलेला आहे.

वॉशिंग्टन वाचून कोणाही तरुणाला वाटेल, तसे जोतीरावांनाही वाटले, की इंग्रजांना घालवावे. लहुजी वस्तादांच्या तालमीत ते दांडपट्टा शिकत होते. पण १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत जातीवरून अपमान झाला, आणि स्वातंत्र्य नेमके कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली.

कादंबरी लिहिणाऱ्याला अर्पणपत्रिकेचे पान फार जड जाते, हे मी अनुभवाने सांगतो. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापताना जोतीरावांनी ते पान वॉशिंग्टनला दिले नाही. ते दिले गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर एकोणनव्वद वर्षांनी. खुद्द वॉशिंग्टनच्या शेतावर गुलाम राबत होते.

हे ऐकून नातवाने धडा पुन्हा पहिल्यापासून चाळला. गुलाम कुठे आहेत, ते तो बोट ठेवून शोधत होता.