हवेवाचून जगणाऱ्यांचा शोध

आमच्या गावच्या ओढ्यात लहानपणी आम्ही मनसोक्त डुंबलो. पुढे वरच्या अंगाला मळीपासून मद्यार्क काढणारा कारखाना आला आणि ओढ्याला तपकिरी, फेसाळ पाणी येऊ लागले. मासे मेले, काठच्या विहिरी बिघडल्या. बऱ्याच आरडाओरडीनंतर कारखान्याने मोठ्या बंद टाक्या बांधल्या. त्या पाहायला गेलो, तेव्हा तिथल्या केमिस्टने सांगितले, की आत हवा मुळीच जाऊ द्यायची नाही; आतले जिवाणू घाण खातात आणि त्यातून निघणारा मिथेन बॉयलरखाली जाळतात.

हवेवाचून जीव जगतो, हे प्रथम ओळखले लुई पाश्चर यांनी. शाळेच्या पुस्तकात भेटलेले पाश्चर म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस. पण त्यांच्या या कामाची सुरुवात झाली ती आमच्यासारख्याच एका मद्यार्काच्या कारखान्यात!

चामडे कमावणाऱ्या बापाचा हा मुलगा १८२२ साली फ्रान्समधल्या दोल गावी जन्मला. शिक्षण रसायनशास्त्राचे. १८५६ साली ते लील शहरात प्राध्यापक असताना एका विद्यार्थ्याचे वडील अडचण घेऊन आले. बिटाच्या रसापासून मद्यार्क करताना त्यांची पिंपे आंबट होऊन बिघडत होती. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शक लावला. चांगल्या पिंपात यीस्टच्या गोल पेशी, बिघडलेल्यात बारीक कांड्या. आंबणे ही जिवंत प्राण्यांची करामत आहे आणि प्रत्येक करामतीमागे वेगळा जीव आहे, या विचाराने त्यांना पछाडले.

पुढे पॅरिसमध्ये ते खवट लोण्याच्या वासाचे ब्युटिरिक आम्ल तयार करणारे जीव तपासत होते. काचेवरच्या थेंबात त्यांना अजब दृश्य दिसले. थेंबाच्या मध्यभागी जीव वळवळत होते. कडेला, जिथे हवा लागते, तिथे ते निपचित पडले होते. द्रवात हवा सोडली, तर आंबणेच थांबले. प्राणवायूवाचून जीवन नाही, असे मानले जात होते. इथे तर तोच प्राणवायू जीवघेणा ठरत होता! १८६१ साली त्यांनी हे जाहीर केले आणि दोनच वर्षांत सूक्ष्म जीवांची हवेत जगणारे आणि हवेवाचून जगणारे अशी विभागणी रूढ केली. नुसत्या आकारावरून या जीवांची ओळख पटत नाही, ते कसे जगतात हेही पाहावे लागते, हा त्यातला मोठा धडा.

याच काळात घरात काय चालले होते? १८५९ साली नऊ वर्षांची थोरली जान विषमज्वराने गेली. १८६५ साली दोन वर्षांची कामिय गेली आणि पुढच्याच वर्षी बारा वर्षांची सेसिल, पुन्हा विषमज्वरानेच. दूषित पाण्यातून पसरणारा हा आजार. त्याचा जंतू सापडायला १८८० साल उजाडावे लागले. पाच मुलांपैकी दोनच उरली. १८६८ साली पाश्चर यांची डावी बाजू लुळी पडली. तरी १८७७ साली त्यांनी हवेवाचून जगणारा एक रोगजंतूही शोधला. १८९५ साली ते गेले.

त्यांची विभागणी तिथेच थांबली नाही. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी आनुवंशिक रेणू ताडून पाहिले, तेव्हा मिथेन करणारे जीव जिवाणूंपेक्षा निराळ्याच कुळातले निघाले. आज त्यांना आर्किया म्हणतात. म्हणजे आमच्या केमिस्टचे म्हणणेही अर्धेच खरे. टाकीत दोन कुळे एकत्र नांदतात. जिवाणू घाण फोडतात, आर्किया तिचा वायू करतात.

ओढा आता पुष्कळ निवळला आहे. मासे थोडे परतले आहेत. पण नातीला मी अजून त्यात उतरू देत नाही. काठावर बसून तिला पाश्चरांची गोष्ट सांगतो आणि त्या तीन मुलींचीही.